परत आलेली चामखीळ

मला चामखीळ झाली होती. हातावर किंवा मानेवर झाली असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती झाली होती बाईच्या त्या जागी, जिचं नाव आमच्याकडे बायका आपसातही घेत नाहीत. आता माझं वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलं आहे. ज्यांच्यापुढे लाजायचं ते सगळे गेले, मग लाज कोणासाठी राखायची? ती चामखीळ तीन वेळा आली. दुसऱ्या वेळी तिच्यापायी माझा संसार मोडायला आला होता आणि माझी दोन वर्षांची मुलगी माझ्यापासून काढून घेतली होती. मी चौथी शिकलेली बाई. दुखणंही हटवलं, मुलगीही परत मिळवली, आणि ज्या घरातून मला बाहेर काढलं त्याच घरात मान वर करून शिरले. हे मी मोठेपणासाठी सांगते असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. थोडा मोठेपणा आहेच.

माझं माहेर बाळापूरच्या जवळचं, शेतीचं. वडील लवकर गेले. आईने मला चौथीपर्यंत शाळेत घातलं, कारण तिला स्वतःला सही येत नव्हती आणि त्याचा तिला राग होता. महाराष्ट्र व्हायच्या चार-पाच वर्षं आधी माझं लग्न अमरावतीला झालं. नवरा जिनिंगमध्ये फिटर. दिवाळी झाली की कापसाचा हंगाम लागायचा आणि तो धामणगावला जायचा, तो होळीला परत. उरलेलं वर्ष तो अमरावतीतच काही ना काही काम करायचा. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. घरात मी, तो आणि सासू. सासू विधवा, अंगाने दणकट, कामाला वाघीण. तिने एकटीने मुलगा वाढवला होता आणि त्याच्यात काही खोट असेल ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरत नव्हती. मी तिला मामी म्हणायची.

मुलगी दीड वर्षाची झाली असेल, तेव्हा होळी झाल्यावर लगेच एक दिवस आंघोळ करताना माझ्या हाताला काहीतरी लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. आठ दिवसांत तसे तीन झाले, आणि पंधरा-वीस दिवसांत फुलकोबीचा तुकडा असतो ना, तसा झुबका. दुखत नव्हतं, पण खाजायचं आणि लुगड्याला रक्ताचा डाग पडायचा. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने ऐकलं, कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला की जाईल आपोआप. मला तेव्हाच समजायला हवं होतं. नव्या दुखण्याची बातमी ऐकून माणूस दोन प्रश्न तरी विचारतो. त्याने एकही विचारला नाही.

शेवटी सासूला सांगितलं. ती घाबरली नाही. चामखिळीला आमच्याकडे एकच उपाय, घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा आणि रोज थोडा आवळायचा. ती टांग्याच्या अड्ड्यावर गेली आणि केस घेऊन आली. टांगेवाल्याने विचारलं, कुठं झाली माय, तर म्हणाली, कोपरावर. तो केस मी तीन दिवस सहन केला. चौथ्या दिवशी रक्त थांबेना, तेव्हा मीच उठून बायकांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरणीने काळपट तपकिरी रंगाचं औषध काडीने लावलं आणि चार तासांनी धुऊन टाक म्हणून बजावलं, नाहीतर कातडी जळेल. असं तीनदा लावलं आणि सगळं साफ झालं. शेवटच्या वेळी ती म्हणाली होती की हे परत येऊ शकतं, आणि नवऱ्याला एकदा दाखवायला आण. मी घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला काही नाही. मी विषय सोडून दिला. ती माझी चूक, आणि ती मी दुसऱ्या कोणाच्या माथी मारणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. महिनाभर राहिले. ज्येष्ठात परत आले आणि पंधरा दिवसांत तेच पुन्हा सुरू झालं, आधीच्यापेक्षा जास्त.

आता सासूच्या डोक्यात हिशोब जुळला. पहिल्या वेळचं तिने सोडून दिलं होतं. अंगावर काय काय उगवतं, तसं तेही उगवलं. पण एकदा साफ झालेलं परत कसं आलं? मधे झालं काय, तर मी माहेरी महिनाभर राहून आले. नवरा इथे, मी तिथे. तिने मला मोरीजवळ उभं केलं आणि विचारलं की तिकडे कोण आहे. मी म्हटलं, आई आहे आणि भाऊ आहे. ती म्हणाली, मी थे नाई विचारून राहिली.

मग तिने तोडगा काढला. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. ती म्हणाली, देवापुढं खोटं टिकत नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तू अळणी एकभुक्त कर. दिवसातून एकदा, दिवे लागल्यावर, मीठ न घातलेली भाकर आणि अळणी भाजी. बाई चांगली असेल तर चार महिन्यांत हे गळून पडेल. नाही पडलं तर समजायचं ते समजू.

लोक आता विचारतात की तुम्ही हो कसं म्हटलं. मी हो म्हटलं कारण मी खरी होते. मला वाटलं, माझ्यासारख्या खऱ्या बाईला अशी परीक्षा म्हणजे लहान गोष्ट. मला उलट बरं वाटलं की एकदाचं सिद्ध होईल. सासूचा जेवढा त्या व्रतावर भरोसा होता, तेवढाच माझाही होता. आम्ही दोघी एकाच मुशीतल्या होतो, हे मला फार पुढे कळलं.

मुलगी अजून अंगावर पीत होती. दिवसभर पाणी भरायचं, दळायचं, धुवायचं, शेणाने सारवायचं, आणि पोटात काही नाही. श्रावणात मला उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. भादव्यात केस फणीत पुंजके येतील असे गळाले. घोटे सुजले. आणि चामखिळी? त्या जोरात वाढल्या. जितकी मी वाळत गेले तितक्या त्या फोफावल्या. मला बसता येईना. मी मनात म्हणायची, शेवटच्या दिवशी पडतील. देव शेवटच्या दिवसापर्यंत बघतो.

कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उपास सुटायचा होता. सासूने आधी मला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतः पाहिलं. बाहेर आली आणि हात धुतले. नवरा बाजेवर बसला होता, त्याची धामणगावची पेटी बांधलेली होती. ती त्याला म्हणाली, "गरमी हाय हे. हिनं शेण खाल्लं. देवानं दाखोलं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पेटीची दोरी सोडून परत बांधत होता.

त्याच दिवशी मला माहेरी पाठवायचं ठरलं. मुलगी तिथेच राहणार. सासू म्हणाली, "पोट्टी आमच्या घरची हाय. तुले जायाचं तं जाय." मी मुलीला उचललं तर तिने हातातून काढून घेतली. माझ्या हातात तेव्हा एवढाही जोर नव्हता की मी धरून ठेवीन. हे मला आजही लागतं. रडण्यासारखं नाही लागत, राग येतो.

माहेरी आईने मला दारात बघितलं तेव्हा तिने आधी भाकर वाढली, मग विचारलं. एकदाच विचारलं, "तुह्याकडून काही झालं काय?" मी म्हटलं, नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. चार दिवसांनी मला मोटारीने अकोल्याला घेऊन गेली.

अकोल्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयस्क होती, आवाज भसाडा. तिने तपासलं, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त काढून घेतलं. आठ दिवसांनी परत गेले तेव्हा म्हणाली, ही गरमी म्हणजे उपदंश नाही, रक्त साफ आहे. ही चामखीळच आहे, नवरा-बायकोच्या संबंधातून एकाची दुसऱ्याला होणारी. मग तिने विचारलं, खातेस काय?

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चार महिने अळणी, एकवेळ, एक दिवस चुकवला नाही.

तिने टाक खाली ठेवला. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अंगावर पाजत होतीस?" मी म्हटलं, हो. "आणि कशासाठी केलंस हे?" मी म्हटलं, चामखीळ जावी म्हणून, आणि मी चांगल्या चालीची आहे हे दिसावं म्हणून.

तिने खुर्ची माझ्याकडे ओढली. मग म्हणाली, "मी वरून औषध लावते, त्याने दिसतं तेवढं जळतं. याचं बी कातडीत आत बसलेलं असतं, महिनोन् महिने गप्प बसतं, आणि त्याला मारणारं औषध माझ्याकडे नाही. त्याला दाबून ठेवतं ते तुझं स्वतःचं रक्त. तू त्या रक्तालाच चार महिने उपाशी ठेवलंस. आता ते परत नाही येणार तर काय करणार?"

मी विचारलं, म्हणजे परत आलं याचा अर्थ नव्याने कुठून लागलं असा होत नाही?

"होत नाही," ती म्हणाली. "एकदाच लागलेलं दहा वेळा वर येऊ शकतं."

बाकी काय काय बोलली ते मी विसरले असेन. हे वाक्य मी त्या दिवशी मोटारीत बसून बाळापूर येईपर्यंत मनात घोकलं, शाळेत पाढे घोकायचे तसं.

आता माझी नात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने मला हे नीट समजावून सांगितलं. रक्तात म्हणे पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्या बऱ्याच जाती. काही जाती रोग धरलेली पेशी ओळखून तिला मारतात. काही त्यांना चेतवतात. आणि काहींचं काम उलटं, त्या मारणाऱ्यांना आवरून धरतात, कारण नाहीतर त्या आपलंच अंग खाऊन टाकतील. या सगळ्यांचा तोल असावा लागतो. तो बिघडला, मारणाऱ्या कमी पडल्या आणि आवरणाऱ्या वरचढ झाल्या, की चामखीळ टिकून राहते, आणि काढली तरी परत येते. नात म्हणाली की तोल बिघडायला उपासच लागतो असं नाही, पोटभर खाणाऱ्या बाईलाही परत येते, गरोदरपणात येते, कधी काही कारण सापडतही नाही. पण अशक्तपणा हे एक कारण नक्की. मी तिला म्हटलं, अकोल्याच्या बाईने मला हेच सांगितलं होतं, फक्त पेशींची नावं घेतली नव्हती.

तर मी खायला सुरुवात केली. बाईने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि लिव्हरची इंजेक्शनं दिली, ती फार दुखायची. आईने तुरीचं वरण, मेथी, शेंगदाणे, गूळ, जे होतं ते दोन्ही वेळा वाढलं. बाईने अंडी सांगितली होती. आमच्या घरात अंडं चालत नव्हतं. आई शेजारून आणायची आणि अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर वेगळ्या डेचकीत उकडायची, आणि मी तिथेच उभ्याने खायची. भावाने एकदा नाक मुरडलं तर आई म्हणाली, "तुले बाळंतपण करा लागलं असतं तं तूबी खाल्लं असतं."

दर आठवड्याला एकदा अकोला. औषध लावलं की चार तास थांबून धुवायचं. बाळापूरची मोटार तेवढ्या वेळात घरी पोचवेलच याचा भरोसा नसायचा, म्हणून आम्ही तशा पाच-सहा बायका दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून राहायचो. बसायचो म्हणजे काय, एका कुशीवर टेकायचो. तिथली आया मोठी चावट होती. बादल्या घेऊन यायची आणि विचारायची, "आज कोणाकोणाची रंगपंचमी हाय व?" पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या आठवड्यात मीच सांगायला लागले, आमचा रंग पक्का आहे, दोन बादल्या आण. त्या ओट्यावर एक वकिलाची बायको होती, एक भाजीवाली होती, एक नुकतं लग्न झालेली शाळामास्तरीण होती. प्रत्येकीला वाटत होतं की आपल्या एकटीलाच. आणि जवळजवळ प्रत्येकीला घरी कोणीतरी विचारलं होतं की परत कुठून आणलंस.

प्रकृती सुधारत गेली. पण मुलगी अमरावतीला होती, आणि नुसती बरी होऊन मला ती मिळणार नव्हती. मी उद्या साफ होऊन गेले असते तरी सासू म्हणाली असती की माहेरी पाप फेडलं. आणि सहा महिन्यांनी पुन्हा काही उगवलं असतं तर मला पुन्हा बाहेर काढलं असतं. हे मुळापासून मिटवायचं तर नवऱ्याने तोंड उघडायला हवं होतं. अकोल्याच्या बाईनेही त्याला आणल्याशिवाय सुटका नाही असं सांगितलं होतं.

मला लिहिता येत होतं. मी त्याला धामणगावच्या पत्त्यावर लिफाफ्यात पत्र घातलं. सगळं लिहिलं. डॉक्टरीण काय म्हणाली, तुम्ही या आणि तपासून घ्या, आणि जे असेल ते तुमच्या आईपुढे सांगा. पंधरा दिवस उत्तर नाही. दुसरं पत्र घातलं. उत्तर नाही.

तिसरं पत्र मी दोन ओळींचं लिहिलं. यापुढे मी लिफाफ्यात लिहिणार नाही, उघडं कार्ड लिहीन, आणि त्यात चामखीळ कुठं झाली आणि कोणामुळे झाली ते मोठ्या अक्षरात असेल. धामणगावच्या त्या जिनिंगमध्ये आलेली कार्डं फाटकावरचा मुकादम मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण निम्म्या माणसांना वाचता येत नव्हतं. हे नवऱ्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं, कोणाच्या बायकोने काय लिहिलं आणि कसे सगळे हसले. आईला मी काय लिहिलं ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे जरा जास्त होते. मी म्हटलं, होऊ दे.

चौथ्या दिवशी तो दारात उभा होता. संक्रांत होऊन गेली होती. आईने पाणी दिलं, तिळगूळ दिला नाही.

अकोल्याला पुरुषांच्या बाजूच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. त्यालाही होत्या. दोनच, बारीक, वरून दिसणार नाहीत अशा. परत येताना मोटारीत नाही, मोटारीच्या अड्ड्यावर लिंबाखाली बसून त्याने सांगितलं. लग्नाच्या आधीच्या हंगामात धामणगावला इतर फिटरांबरोबर तो एका ठिकाणी गेला होता. मग त्याला झाल्या, त्याने स्वतःच घोड्याचा केस बांधून काढल्या, आणि संपलं असं समजला. मी आजारी पडले तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. मी अळणी खात होते तेव्हाही कळत होतं.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? अहो-जाहो त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालंच नाही.

तो म्हणाला, "मायपुढं कसं सांगू?"

मी म्हटलं, ते तुझं तू बघ. पण सांगितल्याशिवाय मी त्या घरात येत नाही, आणि माझी मुलगी मी चारचौघांना बोलावून, हे सगळं त्यांच्यापुढे बोलून घेऊन जाईन. तो मला ओळखून होता. हो म्हणाला. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी, त्यानंतर तो हंगामातून सुट्टी काढून अकोल्याला येत राहिला आणि उपचार पूर्ण केला. बरेच नवरे एवढंही करत नव्हते. ओट्यावरच्या बायकांपैकी फक्त शाळामास्तरणीचा नवरा आला होता.

होळीच्या सुमारास मी साफ झाले. शेवटच्या दोन चामखिळींना बाईने औषध लावलंच नाही, बघू म्हणाली, आणि त्या आपोआप सुकून गळाल्या. ती म्हणाली, "या मी काढलेल्या नाहीत, तुझ्या रक्ताने काढल्या." मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ते मला बक्षीसच वाटलं.

मग आम्ही दोघं अमरावतीला गेलो. सासू सुपात तुरी निवडत होती. मुलगी तिच्या पाठीला टेकून उभी होती, अंगावर नवा झगा. मला बघून सासूचा हात थांबला, पण ती उठली नाही. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. नवरा आत गेला, टोपी काढली, परत घातली.

"माय," तो म्हणाला, "हिनं काही केलं नाई. थे माह्यापासून लागलं. लग्नाच्या आंधी मले झालं होतं."

सासू सुपाकडे बघत राहिली. तिला ते खोटं वाटलं नाही, मुलगा खोटं बोलताना कसा दिसतो ते तिला माहीत होतं. पण ती सहजासहजी हरणारी बाई नव्हती. तिने बरोबर तोच प्रश्न विचारला जो शहाण्या माणसाने विचारावा. "तुह्यापासून लागलं तं तुले काहून नाई फोफावलं? तुह्यं दोन अन् हिचं एवढं काहून?"

मी उंबऱ्यातून म्हटलं, "त्याले तुमी दोन्ही टाइम पोटभर जेवू घातलं, मामी. मले नाई घातलं."

मग मी तिला अकोल्याच्या बाईचं सगळं सांगितलं, बी आत बसतं ते, रक्त दाबून ठेवतं ते, एकदाच लागलेलं दहा वेळा वर येतं ते. शांतपणे सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. ती ऐकत होती. मी थांबले तेव्हा ती उठली, सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "आत ये. दारात काहून उभी हाय, लोक पाह्यते."

माफी तिने मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. ते व्रत मी स्वतः हो म्हणून केलं होतं. मुलगी मात्र दोन दिवस माझ्याजवळ आली नाही. मी तिला ओढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत असताना ती येऊन पिठाच्या परातीत हात घालून बसली, तेव्हा मी तिला ओरडले, आणि तिने भोकाड पसरलं, आणि मग सगळं पहिल्यासारखं झालं.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात चामखीळ तिसऱ्यांदा आली. आता महाराष्ट्र झाला होता. या वेळी मी कोणाची वाट बघितली नाही, सासूला सांगून सरळ अमरावतीच्या दवाखान्यात गेले. तिथे नवी नर्स होती. तिने तीच तपकिरी बाटली काढली आणि काडीला कापूस गुंडाळला. मी तिचा हात धरला. म्हटलं, मी पोटुशी आहे, हे औषध मला चालत नाही, मुलाला बाधतं. अकोल्याच्या ओट्यावर मी हे ऐकून ठेवलं होतं. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, नाही, डॉक्टरणीला बोलवा. डॉक्टरीण आली, आणि तिने त्या नर्सला सगळ्यांदेखत झापलं. मला म्हणाली, खाऊन-पिऊन राहा, बाळंतपणानंतर बघू. मी मान वर करून घरी आले.

आमच्या आळीत नळ एकच होता. तिथे एक शेजारीण होती, तिला सगळ्यांच्या घरातलं माहीत असायचं. मला काढून दिलं होतं तेही तिने आळीभर केलं होतं. एक दिवस मी घागर घेऊन रांगेत मागे उभी होते आणि सासू पुढे नळाशी होती. शेजारणीला मी दिसले नाही, किंवा दिसले म्हणूनच बोलली. ती सासूला म्हणाली की तुमची सून पुन्हा त्या दवाखान्यात जाऊन राहिली म्हणे, तेच पुन्हा उगवलं म्हणे, आता काय म्हणायचं माय.

रांगेतल्या बायका सासूकडे बघायला लागल्या. माझ्या नवऱ्याने आईला एकदा सांगितलं होतं, पण घरात सांगणं वेगळं आणि नळावर निभावणं वेगळं. सासूने "हो ना बाई" एवढं जरी म्हटलं असतं तरी माझं सगळं परत शून्यावर आलं असतं.

सासूने घागर भरू दिली. तोटी बंद केली. मग वळून म्हणाली, "दिवस गेल्यावर अंगातलं बळ लेकराकडे जाते, अन् थे वर येते. एकडाव लागलं का दहाडाव येते. त्यात तिच्या चालीचं काही नाई. तुले चालच पाहाची असंन तं तुह्या पोराची पाह्य, थो कुठं कुठं जाते थे."

कोणी हसलं नाही, पण दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. शेजारीण तिची घागर अर्धीच घेऊन गेली. सासूने माझ्याकडे बघितलंही नाही. कमरेवर घागर घेतली आणि घराकडे चालायला लागली.

बाळंतपणानंतर दीड महिन्यात त्या चामखिळी औषध न लावता गळाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या दोन-तीन वर्षांत आळीतल्या चार बायका आमच्या मागच्या दाराने आल्या. कोणी माझ्याकडे आली नाही, सगळ्या सासूकडे आल्या. ती त्यांचं ऐकून घ्यायची आणि मग मला हाक मारायची, "हिले घेऊन जाय दवाखान्यात. अन् हिच्या नवऱ्यालेबी सांगजो, त्यालेबी या लागते." मी चपला घालायची आणि निघायची.